सुधारित अध्यादेश साहेबांस, रामबागेतून

माननीय सुधारित अध्यादेश साहेब,


विद्यापीठाच्या परीक्षांचे नियम दर वेळी नव्यानं ठरवणारे आपण. आपली-आमची ओळख तशी जुनी. पण आपण दर खेपेला नवा अंगरखा घालून येता आणि दारातूनच "ओळखलंत का?" विचारता, तेव्हा आम्ही जरा गांगरतो. त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो आणि पत्राला लागतो.

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. गेल्या दिवाळीत झाडलोट करताना ती खाली उतरवली. आत वाळवी लागलेल्या लग्नपत्रिका, चावी हरवलेलं एक घड्याळ आणि तळाशी सुरळी करून ठेवलेल्या चार डिग्र्या. आजोबांची आग्रा विद्यापीठाची, वडिलांची उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाची, धाकट्या काकांची इंदूर विद्यापीठाची आणि माझी देवी अहिल्या विश्वविद्यालयाची. शेजारचा पोरगा शिडी धरायला आला होता. तो म्हणाला, "काका, तुमच्या घरच्यांच्या फार बदल्या झाल्या वाटतं!" बदली कोणाची झाली नाही, साहेब. चौघेही सायकल काढून एकाच होळकर कॉलेजात गेले, त्याच दगडी पायऱ्या चढले. माणसं जागची हलली नाहीत, विद्यापीठ तेवढं फिरत राहिलं. शिवाजीराव होळकरांनी १८९१ मध्ये कॉलेज काढलं तेव्हा परीक्षा कलकत्त्याची होती, मग अलाहाबादची झाली, मग आग्र्याची. १९५७ मध्ये विक्रम आलं, १९६४ मध्ये इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं आणि १९८८ मध्ये त्याला अहिल्यादेवींचं नाव दिलं गेलं. मी १९८७ मध्ये फॉर्म भरला तो इंदूर विद्यापीठाचा आणि १९९० मध्ये पास झालो तो देवी अहिल्या विश्वविद्यालयातून. मधल्या काळात मी कुठेही गेलो नव्हतो. बरेचदा तर वर्गातसुद्धा नाही.

सांगायचं ते इतकंच, की बदलाला आम्ही भीत नाही. फक्त पूर्वी एक बदल निदान एका पिढीला पुरायचा. मोठ्या भावाचं गाईड धाकट्याला चालायचं, त्यातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट. आता सख्ख्या बहिणींमध्येही गाईड उपयोगाचं राहिलं नाही. २००८ मध्ये आपण सेमेस्टर आणलंत. कॉलेजं दमली, परीक्षा विभाग दमले, निकाल लागेपर्यंत पुढच्या सेमेस्टरचे फॉर्म भरायची वेळ व्हायची. २०१७ मध्ये आपण पदवीपुरतं ते काढून टाकलंत आणि पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू केली. सासरी गेलेली मुलगी माहेरी परत आल्यासारखा आनंद प्राध्यापकांना झाला. तो पुरता साजरा होतो न होतो तोच २०२१ मध्ये नवं शैक्षणिक धोरण आलं. कर्नाटकाच्या पाठोपाठ ते लागू करणारं मध्य प्रदेश हे देशातलं दुसरं राज्य. दुसरं! इंदूरकरांना हा आकडा सोसत नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. २०१७ पासून स्वच्छतेत आम्ही पहिल्या नंबरावरून खाली उतरलेलो नाही.

स्वच्छतेचा विषय निघालाच आहे, तर आपलं एक गुपित मला कळलंय, तेही सांगून टाकतो. आमच्याकडे सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते आणि तिला सहा तऱ्हेचा कचरा वेगवेगळा द्यावा लागतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घातक. आता आपल्या २०२१ च्या धोरणातल्या पदवीकडे बघा. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल, फाउंडेशन आणि सहाव्या डब्यात प्रोजेक्ट नाहीतर इंटर्नशिप. हे आपण आमच्या महापालिकेकडूनच उचललंत ना? कबूल करा, आम्हाला अभिमानच वाटेल. फरक एवढाच, की बटाट्याची सालं सुक्यात टाकली तर गाडीवाला भैया तिथल्या तिथे पिशवी परत करतो. पहिल्या वर्षी मायनरचा विषय इलेक्टिव्हच्या डब्यात पडला, तर ते मुलाला कळतं तिसऱ्या वर्षी, अंकसूची हातात आल्यावर.

माझ्या भाचीचंच उदाहरण घ्या. केमिस्ट्री मेजर, बॉटनी मायनर, आणि व्होकेशनल म्हणून जैविक शेती. आपल्या यादीत बागवानी होती, गांडूळखत होतं, डिजिटल मार्केटिंग होतं, व्यक्तिमत्त्व विकास होता. तिनं शेती का घेतली असेल? मैत्रिणीनं घेतली म्हणून. राहते तिसऱ्या मजल्यावर. जमीन म्हणजे बाल्कनीतल्या दोन कुंड्या, एकीत तुळस आणि दुसरीत मनी प्लांट. तिनं जीवामृतावर चाळीस पानांची फाइल लिहिली, गायीचं चित्र स्केचपेननं रंगवलं, शेणाचं प्रमाण तक्त्यात मांडलं. आयुष्यात तिनं शेणाला हात लावलेला नाही. मी म्हटलं, "अगं, निदान एकदा बायपासच्या पलीकडे जाऊन शेत तरी बघ." ती म्हणाली, "मामा, त्याचे मार्क नाहीत." फाउंडेशनमध्ये तिला योग आणि ध्यानही होतं. त्याचीसुद्धा परीक्षा. ध्यान खरंच लागलं असतं तर पेपर सुटला असता.

इथे जरा आडवळणाला जातो, कारण हे कुणीतरी आपल्या कानावर घालायलाच हवं. २०२४ मध्ये आमच्या राज्यानं कुलपतींना कुलगुरू केलं. हिंदीत कुलपती म्हणजे विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार बघणारे आणि राज्यपाल म्हणजे कुलाधिपती. मराठीत कारभार बघणारे ते कुलगुरू आणि राज्यपाल ते कुलपती. हा घोळ आमच्या घरात पन्नास वर्षं नांदला आणि आम्हाला लाभला. वडील एकदा कसल्याशा सहीसाठी आमच्या कुलपतींना भेटून आले आणि पुण्याच्या आत्याला पत्रात तसं कळवलं. आत्याला वाटलं दादा राज्यपालांकडे चहा पिऊन आला. तिच्या सासरी त्यानंतर वडिलांची पत भलतीच वाढली. आता आपण शब्दच मराठी करून टाकलात. पुण्याच्या नातेवाइकांत मिरवायची आमची शेवटची जागा गेली. नावं बदलण्याबद्दल तक्रार नाही हो. भंवरकुआ चौकाला २०२१ मध्ये टंट्या मामांचं नाव मिळालं, चांगलंच झालं. पण खंडवा रोडवरच्या विद्यापीठात जायचं तर रिक्षावाल्याला अजून भंवरकुआच सांगावं लागतं, आणि डिग्री कितीही वर्षांची झाली तरी पोराला विचारतात, "बीएस्सी झालं का?"

तर भाची. शहरातल्या एका कॉलेजात, नाव सांगत नाही, तिचा निकाल अडकला. इंटर्नशिपचे गुण पोहोचले नाहीत म्हणे. गुण कुठून निघाले होते आणि वाटेत कुठे थांबले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिच्याबरोबर खिडकीवर गेलो. खिडकी म्हणजे जाळीला कापलेलं एक अर्धगोल भोक. त्यातून बोलायचं तर कमरेत वाकावं लागतं, म्हणजे अर्जाआधीच नमस्कार होतो. आत एक बाबू बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. समोर कॉम्प्युटर होता, पण त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ड्रॉवरमधून रबरबँड लावलेली एक जुनी डायरी काढली आणि विचारलं, "कौन से साल की बॅच?"

नाव नाही, रोल नंबर नाही, विषय नाही. आधी साल. आमच्याकडे पूजेला बसलं की गुरुजी आधी गोत्र विचारतात ना, अगदी तसं. डायरीत प्रत्येक सालाला वेगळं पान होतं. एका पानावर निळ्या शाईत नियम, त्यावर लाल शाईत दुरुस्ती, दुरुस्तीवर पेन्सिलीनं "अगले आदेश तक". कोणत्या सालच्या मुलाला किती विषयांत एटीकेटी, कोणाचं सप्ली जुन्या स्कीमनं आणि कोणाचं नव्या, नियमित कोण, स्वाध्यायी कोण, भूतपूर्व कोण, सगळं त्यांच्या बोटांवर. (भूतपूर्व हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. त्यांच्याकडे माणूस मंत्रिपद गेल्यावर भूतपूर्व होतो, आमच्याकडे फिजिक्स गेल्यावर.) साहेब, आपल्याला संपूर्ण वाचलेला आणि समजलेला एकच माणूस मला या शहरात भेटला, आणि तो त्या जाळीपलीकडे बसतो. त्यांनी डायरी मिटली, रबरबँड लावला आणि म्हणाले, "बेटा, तुम्हारा केस थोडा अलग है." हे वाक्य ऐकून भाचीला रडू आलं. मला मात्र त्यांच्या आवाजात एखाद्या जुन्या वैद्याला दुर्मिळ रोगी सापडल्याचा आनंद स्पष्ट ऐकू आला.

वाट बघणाऱ्या रांगेत माझ्यामागे एक मुलगा मोबाईलवर नियमांचं पीडीएफ शोधत होता. ते त्याला सापडलं नाही. यावरून आठवलं. २०२४ च्या मे महिन्यात इथे एमबीएचा पेपर परीक्षेआधीच मोबाईलवर फिरला आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. पेपर घरपोच येतो, नियमासाठी मात्र खिडकीवर जावं लागतं. आपल्या दोन खात्यांची एकदा गाठ घालून देता आली तर बघा.

आपला सुवर्णकाळ कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी २०२० सांगेन. करोनाच्या त्या वर्षात खालच्या वर्गांना आपण बिनपरीक्षेचं पुढे ढकललंत आणि शेवटच्या वर्षाला ओपन बुक दिलीत. वेबसाइटवरून पेपर उतरवायचा, घरी बसून लिहायचा आणि जवळच्या कॉलेजात कॉपी जमा करायची. आमच्या वाड्यात त्या सप्टेंबरात जे वातावरण होतं ते गणपतीतही नसतं. समोरच्या घरी अर्थशास्त्राचं पुस्तक आजीच्या मांडीवर, कारण पान सापडायला तिला वेळ होता. उत्तर वडील सांगायचे, अक्षर आईचं, कारण तिचं वळणदार. आणि ज्याची परीक्षा होती तो चिरंजीव कॉपीच्या डाव्या बाजूला फूटपट्टी धरून समास आखत बसलेला. दुपारी सगळ्यांना मिळून चहा. त्या घराला डिग्री सामूहिक मिळाली असती तर न्याय झाला असता.

आता आपण आणखी उदार झाला आहात. एक वर्ष शिकून थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तिसऱ्याला डिग्री, चौथ्याला ऑनर्स. साडेसात सीजीपीए असेल तर वर संशोधनाची शेपूट. क्रेडिट म्हणे बँकेत जमा होतात, चाळीस, ऐंशी, एकशेवीस, एकशेसाठ, आणि पाहिजे तेव्हा येऊन काढा, सात वर्षांच्या आत. कल्पना मला मनापासून आवडली. आमच्या आजोबांच्या एका मित्रानं दारावर पाटी लावली होती, "बी. ए. (नापास)", कारण मॅट्रिकच्या पुढे गेलोय हे तरी लोकांना कळावं. त्या कंसाला आपण सरकारी मान्यता दिलीत. पण एक शंका. शिक्षण मधेच सोडून गेलेली मुलगी तीन वर्षांनी आपली चाळीस क्रेडिट घेऊन परत आली, तर ती कोणत्या सालची? तिची स्कीम जुनी की नवी? तेव्हाचं मेजर आता मायनर झालं असेल तर? मी बाबूंना विचारलं. ते प्रथमच गप्प झाले. डायरीचं एक कोरं पान उघडून त्यांनी वर फक्त तारीख घातली.

आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या अनुदान आयोगानं हुशार मुलांना डिग्री लवकर आणि सावकाश मुलांना उशिरा घेण्याचीही मुभा दिली. हुशारांचं माहीत नाही, पण सावकाश डिग्री घेण्याच्या बाबतीत आमच्याकडे निकाल विभागाची परंपरा आयोगापेक्षा फार जुनी आहे.

एवढं सगळं लिहिलं ते एका विनंतीसाठी. व्होकेशनलच्या यादीत आणखी एक विषय घाला: अध्यादेश-वाचन. चार क्रेडिट पुरेत. लेखी नको, प्रात्यक्षिकच ठेवा. मुलाला त्या जाळीसमोर उभं करा, हातात तीन वेगवेगळ्या सालांच्या अधिसूचना द्या आणि म्हणा, सांग, तू पास आहेस का? परीक्षक म्हणून बाबूंना बोलवा. निवृत्त व्हायला त्यांना फार दिवस उरलेले नाहीत, आणि ती डायरी ते घरी घेऊन जाणार असं ऐकतो. खरं तर याला व्होकेशनल म्हणणंही अन्यायच. तीन वर्षांत पोरं केमिस्ट्रीपेक्षा जास्त याचाच अभ्यास करतात, तेव्हा मेजरच करून टाका. आणि पुन्हा सेमेस्टर येणार अशी जी कुजबुज दर काही महिन्यांनी कँटीनमधून उठते, ती खरी असेल तर निदान एक करा. आत आहेत त्यांना आधी बाहेर पडू द्या, मग दाराची चौकट बदला.

भाचीचा निकाल लागला. इंटर्नशिपचे गुण एका गठ्ठ्यात सापडले, गठ्ठ्यावर दुसऱ्याच सालाची चिठ्ठी होती. तिची डिग्री आली की मी ती पत्र्याच्या पेटीत ठेवणार आहे, पाचवी. त्यावर तेव्हा कोणतं नाव असेल ते आपण ठरवा.

आपला आज्ञाधारक,
एक भूतपूर्व विद्यार्थी

ता. क.: सोबत दोन पासपोर्ट फोटो आणि आधारची झेरॉक्स जोडली आहे. कशासाठी ते मलाही माहीत नाही, पण खिडकीवर मागतातच.