गाडी आपली, बोजा बँकेचा

भडगावात नवी गाडी आली की पेढे आपण वाटतो, एमएच १९ ची नंबर प्लेट आपण मिरवतो, बोनेटवर हळदीकुंकू घरची मंडळी वाहतात. आरसीवर मात्र बँकेचा बोजा. एरवी तो कुणाच्या ध्यानात नसतो. गिरणेच्या पुराचं पाणी गाडीत शिरलं की आठवतो.

आधी सर्व्हेअर येतो. ‘भाऊ, पाण्यातच स्टार्टर मारला होता का?’ असं फार प्रेमानं विचारतो. हो म्हणालात, की इंजिनाचा खर्च बहुधा तुमच्या अंगावर. मग घसारा: साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराचे निम्मे पैसे कापतात, काचेचे कापत नाहीत. अख्खी गाडी काचेचीच घ्यायला हवी होती! दुरुस्ती विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली की ‘टोटल लॉस’. रक्कम मंजूर होते, पण पहिला हात बँकेचा. उरलं तर आपलं. कमी पडलं तर तेही आपलंच.

दरम्यान हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो. त्याला सर्व्हेअर लागत नाही. दाद मागायला विमा लोकपाल आहेत, पुण्यात. जायला गाडी हवी.