सुटलात? मग जामीनदार आणा

अभिनंदन! कोर्टाने आपल्याला निर्दोष सोडलं आहे. आता पेढे आणण्याआधी एक जामीनदार आणा.

थट्टा नाही, कायदा आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 437-अ मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 481 मध्ये आहे. खटला संपायच्या आतच आरोपीने लिहून द्यायचं की, निकालाविरुद्ध अपील झालं आणि वरच्या कोर्टाची नोटीस आली तर मी हजर राहीन. मुदत सहा महिने. निकाल अजून टाइप व्हायचाय आणि हा सुटल्यावर कुठे सापडेन ते लिहून देतोय. ज्याला तासाभराने जन्मठेप होणार, तोही देतोय. त्याचा पत्ता तर सरकारलाच ठाऊक असणार, पण कायद्यापुढे सगळे समान!

हेतू वाईट नाही. सुटलेला माणूस गाव सोडतो, नोटीस ‘मिळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत येते, अपील धूळ खात पडतं. पण मग सहा महिन्यांचा हिशोब कोणी केला? सरकारला अपिलासाठी 90 दिवस. फाइल विधी व न्याय विभागात मुक्काम करते, मग उशीर माफ करा असा अर्ज, मग अपिलाची परवानगी, आणि अपील सुनावणीला येईपर्यंत वर्षं उलटतात. तोवर जामीनदार केव्हाच मोकळा. शिवाय, न येणाऱ्याला वॉरंट काढून आणायचा अधिकार हायकोर्टाला आधीपासून आहेच.

मग या कलमाने अडतो कोण? ज्याच्याकडे सातबारा आहे, गावात वजनदार मेहुणा आहे, तो दुपारच्या चहाआधी मोकळा होतो. अडतो तो परगावचा बिगारी. ज्याच्या भेटीला तुरुंगात वर्षानुवर्षं कुणी आलं नाही, त्याला कोर्ट विचारतं, ऐपतदार माणूस कोण? तो कोर्टाच्या फाटकाबाहेर मिळतो. पिशवीत रेशनकार्डं घेऊन उभा असतो आणि ठरलेल्या पैशात कुणाचाही काका होतो. म्हणजे निर्दोष माणसाने बाहेर पडायचं ते खोट्या काकाचा हात धरून.

सरकारची तळमळ मात्र खरी. 14 ऑक्टोबर 2022 रोजी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने माओवाद्यांशी संबंधांच्या खटल्यातून प्रा. जी. एन. साईबाबांना मुक्त केलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, तरी सुप्रीम कोर्ट खास बसलं आणि निकालाला स्थगिती मिळाली. आरोपी व्हीलचेअरवर, नव्वद टक्के अपंग. पळून जाईल अशी धास्ती वाटली असणार. मार्च 2024 मध्ये हायकोर्टाने पुन्हा निर्दोष ठरवलं. मधले जवळपास 17 महिने ते तुरुंगात, म्हणजे पूर्णपणे ‘उपलब्ध’ होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले.

उलट बाजूने कुणाकडून काहीच लिहून घेत नाहीत. खटला कोसळला तर तपास अधिकाऱ्याने सहा महिने उपलब्ध राहावं, असं कलम मला कुठे सापडलं नाही. नाहक खटल्यात भरडलेल्यांना भरपाई द्या, असं विधी आयोगाने 2018 मध्ये 277व्या अहवालात सांगितलं. कायदा अजून व्हायचाय. त्या अहवालाला जामीनदार मिळाला नसावा.

मुंबई लोकल स्फोट खटल्यात 21 जुलै 2025 रोजी हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं, तेव्हा त्यांना सोडायला 25 हजारांचा जातमुचलका पुरला. तीन दिवसांनी सरकारच्या अपिलावर सुप्रीम कोर्टानेही त्यांना परत तुरुंगात बोलावलं नाही. नव्या संहितेत तर जातमुचलक्यावर भागवायची मुभा स्पष्टच आहे. तेव्हा साहेब, मोबाइलचोरीच्या आरोपातून सुटलेल्या पोराकडे जामीनदार मागू नका. त्याची सही घ्या आणि त्याला घरी जाऊ द्या.