परदेशी सेवेस निघालेल्या भाच्यासाठी नियमावली

नियम १. व्याप्ती. ही नियमावली दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव व फरीदाबाद येथे राहणाऱ्या, जगाची सेवा करू इच्छिणाऱ्या व स्वतःचं जेवलेलं ताट न उचलणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना लागू राहील. खरं तर ती एकट्या आमच्या ताईच्या मुलाला लागू आहे. चिरंजीव नॉर्थ कॅम्पसला राज्यशास्त्र शिकतात. शुक्रवारी रात्री मजनू का टिल्ल्यावरून व्हॉल्व्हो पकडतात, कसोल नाहीतर मॅक्लोडगंज गाठतात आणि सोमवारी तोंड न धुता वर्गात हजर होतात. या उन्हाळी सुटीत त्यांना केनियाला जाऊन मुलांना शिकवायचं आहे आणि जमल्यास माउंट केनिया चढायचा आहे. 'जमल्यास' हे नेमकं कोणत्या कामाला लागू, असं मी विचारलं. उत्तर प्रलंबित आहे.

नियम २. विषय. काय शिकवणार, हे निघण्यापूर्वी ठरलेलं असावं. चिरंजीव म्हणाले, "इंग्लिश, मामा. और क्या!" केनियात इंग्रजी ही राजभाषा आहे आणि तिथल्या शाळा बहुतांशी इंग्रजीतच चालतात. चिरंजीवांचं इंग्रजी आम्ही रोज मोबाइलवर वाचतो. त्यात स्वर नसतात.

नियम ३. मागणी आधी, माणूस नंतर. ही फायलीतली शिस्त आहे, पण सेवेलाही लागू पडते. १९३७ साली चीनचे सेनापती जू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८च्या सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आणि नागपूरचे चोळकर होते, ज्यांचं नाव आज नागपुरातही फारसं कोणी घेत नाही. कोटणीस तिशीच्या आतले, पुढच्या परीक्षेची तयारी चाललेली. म्हणजे विद्यार्थीच म्हणायचे. पण तिकडून डॉक्टर मागितले होते आणि इकडून डॉक्टर गेले. कोटणीस चिनी बोलायला शिकले, आघाडीजवळ शस्त्रक्रिया करत राहिले, एका रुग्णालयाचे प्रमुख झाले. केनियातून राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी कोणी मागितल्याचं पत्र आमच्या पाहण्यात नाही. तरी संस्थेला लिहून विचारावं : तुम्हांला नेमकं काय हवंय? गणित शिकवणारा, हिशेब लिहिणारा, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा की रंग मारणारा? उत्तर आलं तर त्याप्रमाणे तयारी करावी. 'तुम्ही फक्त या, प्रेम घेऊन या' असं आलं तर पैसे भरू नयेत.

३ (अ). कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले, हा भाग ताईसमोर काढू नये. तिने शांतारामबापूंचा कोटणीसांवरचा सिनेमा दूरदर्शनवर पाहिलेला आहे आणि तिला शेवट आठवतो.

नियम ४. माहितीपत्रक. एका संस्थेचं गुळगुळीत पत्रक चिरंजीवांनी मला दाखवलं. चार आठवडे सेवा, दोन दिवस सफारी, विमानभाडं वेगळं, आणि वर ठळक अक्षरांत 'आयुष्य बदलून टाका'. कोणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. पैशाचा आकडा पाहून दाजी म्हणाले, एवढ्यात तिथे स्थानिक मास्तर वर्षभर ठेवता येईल. दाजी खर्चाबाबत नेहमीच असं बोलतात, पण या वेळी मला खोडता आलं नाही. अशा संस्थेला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या पैशातले तिथे किती पोचतात? आणि पर्यटकाच्या परवानगीवर हे काम चालतं का, की वेगळा पास लागतो? फुकट केलेलं काम इमिग्रेशनवाल्यांच्या लेखी कामच असतं. केनियाने जानेवारी २०२४पासून व्हिसा काढून टाकून ऑनलाइन ई-टीए आणला, तेव्हा सगळं सोपं झालं असं चिरंजीवांना वाटतं. प्रवेश सोपा झाला आहे, बाकीचं विचारूनच घ्यावं.

४ (अ). अनाथालयात जाऊ नये. इथे मी थट्टा करत नाही. नेपाळात असं उघड झालं, की बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आईवडील किंवा त्यांपैकी एक तरी जिवंत असतो. पैसे देणारे पाहुणे येत राहिले की मुलंही आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली. चार आठवडे लळा लावायचा आणि निघून यायचं, पुढच्या महिन्यात दुसरा दादा येणार. आमच्या भाच्याला मांजराचं पिल्लू सोडून कसोलला जाताना वाईट वाटतं. त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही.

नियम ५. रंगीत तालीम. परदेशी सेवेची तालीम बंगला साहिबला करावी. शिवाजी स्टेडियम मेट्रोवर उतरलं की चालत जाता येतं. डोकं झाकावं, जोडे जमा करावेत, हात धुवावेत आणि कोणालाही आपलं शिक्षण सांगू नये. मी चिरंजीवांना एका रविवारी सकाळी तिथे नेलं. त्यांना रोट्या लाटायला बसवलं. पहिली लाटली ती हुबेहूब आफ्रिकेच्या नकाशासारखी. ध्येयनिष्ठा म्हणतात ती हीच. शेजारच्या सरदारीणबाईंनी ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि काहीही न बोलता स्वतः नीट केली. तिसरीनंतर म्हणाल्या, "पुत्तर, तू प्याज छील ले." चिरंजीवांनी कांदे सोलले. पाणावलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होते, पण उठले नाहीत. मग वाढायला पाठवलं. पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले. चिरंजीवांनी रोटी त्याच्या ताटात टाकली. मागून डाळीची बादली घेऊन येणाऱ्या मुलाने हळूच सांगितलं, "हाथ में दे भाई, परशादा है." त्यानंतर प्रत्येकासमोर वाकून त्याने ती हातातच दिली. शेवटी भांडी. कमरेपर्यंत टी-शर्ट भिजला, साबणाने बोटं सुरकुतली. खिशातला फोन एकदाही बाहेर आला नाही. ताईचा विश्वास बसणार नाही म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

परतताना मेट्रोत म्हणाला, "मामा, तिथे कोणी मला थँक्यू नाही बोललं." मी म्हटलं, मग? "काही नाही. बस, अच्छा लगा."

ही तालीम किमान चार रविवार करावी. चारही रविवारी उठता आलं तर पाचव्या नियमाची पूर्तता झाली असं समजावं.

नियम ६. लस. पीतज्वराची लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच ती टोचतात. दिल्लीत मंदिर मार्गावर एनडीएमसीचं केंद्र आहे, राममनोहर लोहिया रुग्णालयातही आहे. वेळ आधी घ्यावी लागते, पासपोर्ट बरोबर न्यावा लागतो. टोचल्यावर पिवळं कार्ड मिळतं, पण ते दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या रात्री जाग आलेल्यांचा काही इलाज नाही. जुलै २०१६पासून एकदा घेतलेल्या लशीचा दाखला आयुष्यभर चालतो. चिरंजीवांकडे असलेली मुदत न संपणारी ही पहिलीच वस्तू. लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, तेव्हा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं. हे ऐकून ताईने विचारलं, "मग चातुर्मास लागायच्या आत टोचून घेऊ दे का?" मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात आणि परत आल्यावरही सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्याव्यात. घरी पोचलं, आईच्या हातचं जेवलं, आता कसला मलेरिया, असं म्हणून लोक सोडतात.

नियम ७. सामान. हा नियम ताईसाठी आहे. ताई कोणतीही वस्तू पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि त्या दोन्ही तिसऱ्या पिशवीत घालते. मेतकूट तीन पदरी, लसणाची चटणी चार पदरी, भाजणीला तर रबरबँड वेगळा. ऑगस्ट २०१७पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. दंड चाळीस लाख शिलिंगांपर्यंत, किंवा चार वर्षांपर्यंत कैद. ड्यूटी फ्रीची पिशवीसुद्धा विमानतळावर काढून ठेवायला लावतात. मी हा नियम मोठ्याने वाचून दाखवला. ताई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग स्टीलच्या डब्यांत देते." डब्यांचं वजन तेवीस किलोंत बसवण्याची जबाबदारी दाजींवर सोपवली आहे. केनियात घरोघरी चपाती खातात, चहा पितात, मक्याच्या पिठाचं उगाली खातात, नैरोबीत गुजराती मंडळी पिढ्यान्पिढ्या आहेत, हे सगळं सांगून झालं. भाजणी कायम आहे.

नियम ८. कपडे. चिरंजीवांनी सरोजिनी नगरमधून सहा हाफ पँटी आणल्या, कारण आफ्रिका गरम असते. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे मीटर उंचीवर आहे आणि जून-जुलै तिथले थंडीचे महिने. रात्री पारा बारा अंशांच्या आसपास येतो. दिल्लीतल्या पंचेचाळीस अंशांत उभं राहून स्वेटर खरेदी करणं लाजिरवाणं असतं, पण करावं.

नियम ९. गिर्यारोहण. माउंट केनिया ५१९९ मीटर. दोर न लावता चढणारे त्याच्या लेनाना या सुळक्यापर्यंत जातात, तोही ४९८५ मीटर. आमचं कळसूबाई १६४६. नुसत्या पायांत जोर असून भागत नाही, उंचीची सवय हळूहळू व्हावी लागते, डोकं दुखून उलटी झाली तर खाली उतरावं लागतं, आणि सोबत वाटाड्या लागतो. दिल्ली सपाट असल्यामुळे सरावासाठी हौज खास मेट्रोच्या खोल फलाटावरून पाठीवर सॅक घेऊन साध्या जिन्याने वर यावं. सरकत्या जिन्यावर उभे असलेले लोक पाहतील. पाहू द्यावं.

नियम १०. छायाचित्रे. मी पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलो. तो काळ हिप्प्यांचा. शाळा सुटली की मेन बझारात गळ्यात कॅमेरे अडकवलेले गोरे उभे असत. आम्ही डबे हलवत, नाक पुसत बाहेर पडलो की ते खटाखट फोटो काढत. कोणी नाव विचारलं नाही. माझा, बंड्याचा आणि शाईने निळ्या झालेल्या आमच्या सदऱ्यांचा फोटो आज कुठल्यातरी स्वीडिश आजोबांच्या माळ्यावर पडला असेल, आणि त्याखाली काय लिहिलं असेल त्याची मला चांगली कल्पना आहे. आम्ही गरीब नव्हतो हो, शाळा सुटलेली होती. तेव्हा केनियात एखाद्या पोराच्या गळ्यात हात टाकून फोटो काढावासा वाटला, तर आधी त्याच्या आईला विचारावं आणि त्याचं नाव पाठ करावं.

नियम ११. फोन. केनिया अडीच तास मागे आहे. ताई सकाळी सहाला फोन करणार. उचलावा.

नियम १२. निरोप. विमानतळावर टर्मिनल तीनच्या दारापर्यंत फक्त दोघांनी जावं. बाकीच्यांनी घरीच रडून घ्यावं, वैशालीहून येणाऱ्या आत्याबाईंनी विशेषतः.

नियम १३. परतीची वाट. येताना पिवळं कार्ड पासपोर्टातच असावं, सॅकच्या तळाशी, हाफ पँटींच्या खाली नसावं. ते दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि या बाबतीत मामाची कोणतीही ओळख उपयोगी पडणार नाही. निवृत्त अवर सचिवाला दिल्लीत कोणी विचारत नाही. कार्ड हरवल्यास संपूर्ण जबाबदारी चिरंजीवांची राहील व घरून डबा पाठवला जाणार नाही. (तिथे डबा आत घेतात का, स्टीलचा चालतो का, याची चौकशी मी एका ओळखीच्यामार्फत चालवली आहे. ताईला सांगू नये.)