गाईड आणि वाटाड्या

चंद्रपूर जिल्ह्यात 'गाईड' म्हटलं की वाघ आठवतो. ताडोब्याच्या आसपासच्या गावांतली पोरं जिप्सीत पुढे बसतात, झाडावरचे नखांचे ओरखडे दाखवतात आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे मुकाट्यानं त्यांचं ऐकतात. जंगल ज्याचं, गाईडही त्याचाच.

विद्यापीठातला, पीएच.डी.चा गाईड निराळा. तो पहाडाखाली बसतो. पहाड चढून गुड्याची, म्हणजे आदिवासी वस्तीची, वाट दाखवतो तो गावातला पोरगा, आणि त्याची रवानगी ऋणनिर्देशात होते : 'स्थानिक कार्यकर्त्यांचे सहकार्य लाभले.' नाव नाही, गाव नाही.

गडचांदूर सोडून माणिकगडचा घाट चढलं की जिवती तालुका. कोलामांचे गुडे, गोंडांची गावं, बंजाऱ्यांचे तांडे, मराठवाड्यातून दुष्काळानं हाकललेली कुटुंबं, सगळी एकाच पहाडावर. त्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. तिथल्या म्हाताऱ्यांचं मत दोन सरकारं मोजतात. गुडघे कोण मोजतं, ते विचारू नका.

अशा गुड्यात वार्धक्याचा अभ्यासक येतो. पहिला रकाना वयाचा. आधार कार्डावर बघावं तर आजोबा १ जानेवारीला जन्मलेले, आजी १ जानेवारीला, शेजारीणही १ जानेवारीलाच. श्रावणबाळ योजनेला ६५ लागतात, आयुष्मानच्या वय वंदना कार्डाला ७०. दोन्हींच्या मधे आजोबा स्वतःला 'लई झाले' इतक्या वयाचे समजतात.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा वार्धक्य-अभ्यास म्हणजे 'लासी'. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढची ७२ हजारांवर माणसं त्यात गाठली. काम मोलाचं आहे, हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण त्यात बुद्धीची परीक्षा घेताना शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून पुन्हा सात, असं विचारतात. हीच परीक्षा कोलाम आजीपुढे मांडून पाहा. शाळा तिनं पाहिली ती नातीला सोडायला गेली तेव्हा. साहेब मराठीत विचारणार, वाटाड्या कोलामीत काहीतरी सांगणार, आजी हसणार, आणि कागदावर उतरणार : 'आकलनक्षमता क्षीण.' कोणाची, ते लिहायचं राहून जातं.

आणि जे विचारायला हवं ते प्रश्नावलीत नसतंच. ऑगस्ट २०२१ मध्ये याच तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यात म्हाताऱ्या बाया होत्या. पहाडावर म्हातारं होण्यातली ही एक जोखीम, रक्तदाबाच्या यंत्रात न दिसणारी. 'कुणी आपल्याला करणी करणारी म्हणेल, असं भ्या वाटते का?' हा प्रश्न देवनारात सुचायचा नाही. आजीच्या नातीला सुचेल. तो कोणत्या घरात, कोण बाहेर गेल्यावर, किती हळू विचारायचा, हेही तिलाच ठाऊक.

गावातल्याच माणसांना अभ्यासात घेण्याचा हा धडा शेजारच्या गडचिरोलीत फार आधी गिरवून झालाय. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली. आधी सिकलसेल हा रक्ताचा आजार शोधला. लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, सरकारला मात्र वाटलं. सरकारनं सिकलसेलचं संशोधन केंद्र दिलंही, थेट पुण्याला! (आदिवासी संशोधन संस्थाही पुण्यातच आहे. पुण्यात आदिवासी कमी पडतील, संस्था नाही.) मग बंग दांपत्य वसा आणि अमिर्झा या गावांतल्या बायांच्या दुखण्याकडे वळलं, आणि ९२ टक्के बायांना स्त्रीरोग असल्याचं १९८९ मध्ये 'लॅन्सेट'नं छापलं. पुढे खेड्यातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या. त्यांनी झोपडीत बसून नवजात बाळं तोलली, तपासली, वाचवली. १९९९ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं.

म्हणजे शाळा अर्धवट सोडलेल्या बाईची नोंद लंडनला चालते. एम. ए. झालेल्या पोरीचं इंग्रजी मात्र आमच्या पीएच.डी.च्या मुलाखत समितीच्या घशाखाली उतरत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेनं १९९७ पासून अशा पोरांना संशोधनात आणण्यासाठी केंद्रंच काढली. वंचित समाजांतली तरुण पोरं हेरायची, त्यांना जाणता गाईड जोडून द्यायचा, पहिल्या छोट्या अभ्यासाला पैसा द्यायचा आणि आपल्या म्हाताऱ्यांचं आरोग्य त्यांनाच अभ्यासू द्यायचं. आता तिथल्या सरकारला 'विविधता' शब्दानंच शिंका येतात, ते सोडा. आपल्याला तर विविधता आणायला कुठे जायचंही नाही. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पहाड आपल्या जागी आहे आणि म्हातारी माणसं त्यावर आहेत. तूर्त आहेत.

तेव्हा गाईड लोकहो, यंदा विद्यार्थी निवडताना कोलामी बोलणारी एखादी पोरगी घ्या. तिचं इंग्रजी कच्चं असेल, तर वर्षभर बसून शिकवा, येईल. तुम्हाला वर्षभरात कोलामी यायची नाही.