पोस्टमनमध्ये तर चालतंय!

हिंजवडीतल्या कुठल्याही ऑफिसात, शक्यतो एसीचा झोत थेट डोक्यावर येणाऱ्या खुर्चीत, हे गृहस्थ सापडतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. विक्रीची नोंद एका सिस्टिममध्ये, हिशेब दुसऱ्यात. मधला कनेक्टर अण्णांच्या ताब्यात. "चौकोनाला चौकोन जोडा, झालं! कोड लिहायलाच नको," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. बिल्डर 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणतो, त्यातलीच ही गत.

नव्या पोरांना अण्णा चहाबरोबर सर्व्हरच्या उत्तरांचे आकडे शिकवतात. "401 म्हणजे, तू कोण रे? 403 म्हणजे, ओळखलं, पण आत यायचं नाही. 404 म्हणजे, असं इथं कोणी राहत नाही. 429 म्हणजे, अहो, किती वेळा विचाराल?" मग घोट घेऊन, आवाज उतरवून, "पण भ्यायचं ते 200 ला. सगळं ठीक म्हणतो आणि आत रिकामा कंस पाठवतो."

सर्व्हरनं उत्तर दिलं नाही, तर लगेच पुन्हा विचारणं त्यांना असभ्य वाटतं. एक सेकंद थांबायचं, मग दोन, मग चार, मग आठ. मुलानं फोन उचलला नाही तरी हाच हिशेब, फक्त मिनिटांत.

एकदा आदल्या दिवसाच्या ऑर्डरी काही केल्या येईनात. कनेक्टरमधून विचारलं की 400, म्हणजे प्रश्नच चुकलाय. पोस्टमन नावाच्या टूलमधून हातानं विचारलं की उत्तर हजर. अण्णांचं एकच पालुपद, "पोस्टमनमध्ये तर चालतंय!" रात्री उशिरा उलगडा झाला. पोस्टमनमध्ये त्यांनी ग्रिनिच वेळ घातली होती, कनेक्टर मात्र भारतीय वेळ पाठवत होता, शेपटाला +05:30 लावून. क्वेरीत अधिकचं चिन्ह तसंच उघडं सोडलं, तर बरेच सर्व्हर ते रिकामी जागा म्हणून वाचतात. तिथं %2B लिहावं लागतं. ते लिहिलं आणि ऑर्डरी धो धो आल्या. म्हणजे पहिल्या शंभर आल्या, पुढच्यांसाठी पुढचं पान मागावं लागलं.

आनंद राहिला बाजूलाच, अण्णा चिडलेले. "अमेरिकेची वेळ वजा. वजाला कोणी हात लावत नाही! लंडनवाले तर शून्यावर बसलेत."

"उन्हाळ्यात त्यांचीही अधिक एक होते, अण्णा," एक पोरगी म्हणाली. अण्णांचा चेहरा इतका खुलला, की तिला त्यांनी स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चिक्की दिली.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "गॅस बुक केलात का?"

"हो," अण्णा पेपरमधून मान वर न काढता म्हणाले.

वहिनी बाहेर आल्या, मला म्हणाल्या, "आता नुसतं हो ऐकायचं नाही. बुकिंग नंबर मागायचा."

अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि चष्मा शोधायला लागले.