आधी टेकडी चढा, मग डिजिटल म्हणा

पोलिसांचा जुना अ‍ॅनालॉग वायरलेस खरखरतो म्हणून त्याला मोडीत काढून डिजिटल आणायची घाई नको. ती खरखर कामाची असते. अ‍ॅनालॉग सेट घेऊन माणूस मनोऱ्यापासून लांब गेला की आवाज आधी घोगरा होतो, मग तुटतो. तरी सरावलेला कान त्यातूनही गावाचं नाव उचलतो, आणि सेटवाल्याला कळतं की रेंज संपत आली, आता उंचावर जायला हवं. डिजिटल सेट एवढी सवड देत नाही. काठापर्यंत स्वच्छ बोलतो आणि पुढच्याच वळणावर मुका होतो.

तरीही डिजिटल हवंच. अ‍ॅनालॉगवरचं पोलिसांचं बोलणं जुळता सेट असलेला कुणीही ऐकू शकतो. डिजिटलला कुलूप लावता येतं. डीएमआर या डिजिटल पद्धतीत 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच पट्टीत दोन संभाषणं चालतात. माझा प्रश्न एवढाच, की चाचणी कुठे घेणार? ठाण्याच्या आवारात?

कारंजा (घाडगे) तालुक्यात या. नागपूर-अमरावती महामार्ग, जुना 6 क्रमांकाचा, आता 53, इथूनच जातो. महामार्ग सोडून आत शिरलं की टेकड्या, नाले आणि बोर व्याघ्र प्रकल्पाकडे सरकत जाणारं रान. वायरलेसच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत धावतात. टेकडी आडवी आली की तिच्यामागच्या गावावर सावली पडते, सेट कितीही महागडा असो.

2017 च्या जुलैमध्ये ब्रह्मपुरीकडे पकडलेली वाघीण गळ्यात कॉलर बांधून बोरमध्ये सोडली होती. ती तिथं थांबली नाही. माणसं मेली, गावं रात्र रात्र जागली, आणि ऑक्टोबरमध्ये सिंदी विहिरीच्या शिवारात कुंपणाच्या विजेनं तीही मेली. वाघीण कुठे आहे हे कॉलर सांगते. पण ‘आज त्या अंगाच्या वावरात जाऊ नका’ हे कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत वनरक्षकालाच पोचवावं लागतं, आणि त्याच्या हातात बोलणारा सेट लागतो.

मदतीसाठी 112 हा आपत्कालीन क्रमांक आहे ना, असं कुणी म्हणेल. 2021 पासून राज्यात ही सेवा आहे, चांगली आहे. पण संकटात सापडलेल्याचा फोन लागायला मोबाईलची रेंज लागते, आणि पोलिसांच्या गाडीतल्या पडद्यावर पत्ता यायलाही तीच. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईसारख्या शहरात मोबाईल कोलमडले. इथं तर एका वादळानं वीज जाते. मोबाईल पडल्यावर जो उभा राहायचा, तो वायरलेस. त्याला मोबाईलच्याच मनोऱ्यावर टांगू नका.

म्हणून डिजिटल सेटच्या निविदेआधी नकाशा करा. एक पोलीस, एक वनरक्षक, दोघांच्या हातात सेट, आणि पायी फिरणं. तेही भर पावसाळ्यात, कारण ओलं रान लहरी शोषतं. जिथं सेट मुका होईल तिथं खूण करा आणि त्या खुणा पाहून टेकडीवर लहरी पुढे पाठवणारा रिपीटर बसवा, सौर बॅटरीसकट. पोलीस, वन आणि रुग्णवाहिका यांना एक सामाईक चॅनेल द्या. बहुतेक डीएमआर सेट अ‍ॅनालॉगवरही बोलतात, तेव्हा शेवटची खूण पुसेपर्यंत जुना रिपीटर बंद करायचं कारणच नाही.

आणि पहिली चाचणी सिंदी विहिरीच्या शिवारात घ्या. दिवस मावळल्यावर.