मी, माई आणि ही
मी बाई आहे हे माझ्या बायकोला अजून माहीत नाही.

दचकू नका, चहा घ्या, सांगतो. पुण्यातल्या एका साप्ताहिकात (नाव विचारू नका, निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत) मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करायच्या आणि स्वतःच्या तशाच ठेवायच्या. 2021च्या दिवाळीनंतर आमच्याकडे ‘माईंचा सल्ला’ हे सदर लिहिणाऱ्या बाई लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या आणि नातवात इतक्या रमल्या, की महाराष्ट्रातल्या सुनांचं काय होणार हा प्रश्न संपादकांपुढे उभा राहिला. त्यांनी कचेरीभर नजर फिरवली आणि सगळ्यांत रिकामा दिसणाऱ्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा आणून आदळला.

“साहेब, मला बायकांतलं काही कळत नाही हो.”

“र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, लोकांच्या नको त्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यापायी खटले अंगावर घेतले. तुम्हाला फक्त सासू आणि केसगळती सांभाळायचीय. मंगळवारपर्यंत द्या.”

मी रद्दीवाल्याकडून ‘स्त्री’ मासिकाचे जुने अंक आणले. किर्लोस्करांनी हे मासिक 1930 साली सुरू केलं, त्यामुळे सल्ल्यांचा साठा भरपूर असणार असा माझा हिशोब. घरातली ‘रुचिरा’ही पिशवीत घालून पळवली. कमलाबाई ओगले यांनी वाटी-चमच्याच्या मापात संसार समजावून सांगितलाय, त्यात सासूचंही माप सापडेल असं वाटलं. सापडलं ते अळूच्या वड्यांचं.

सोमवारी रात्री कोऱ्या कागदापुढे बसलो होतो आणि आत ही नेहमीप्रमाणे बहिणीशी फोनवर बोलत होती. गेली सव्वीस वर्षं रात्री साडेनऊला हा फोन होतो आणि गेली सव्वीस वर्षं मी तेवढ्यात टीव्हीचा आवाज वाढवतो. त्या दिवशी टीव्ही बंद होता. ही म्हणत होती, “अगं, ताटावर बसलीस की उठूच नकोस. ज्याला लोणचं हवं त्याला पाय आहेत.” मी पेन उचललं. “सगळ्यांना नाही म्हणायचं नसतं, पण पहिल्यांदा विचारतील तेव्हा ‘बघते’ म्हणावं. निम्मी कामं तिथेच गळतात.” लिहून घेतलं. फोन संपला तेव्हा सदर तयार होतं, वर चार ओळी उरल्या.

शनिवारी अंक घरी आला. हिने सदर वाचलं, कात्रीने कापलं आणि फ्रिजवर आंब्याच्या चुंबकाखाली लावून म्हणाली, “या नव्या माई अगदी माझ्या मनातलं बोलतात.” मला अभिमान वाटला. तो रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला.

“लोणचं?” मी नेहमीच्या सुरात म्हणालो. हिने मान न उचलता फ्रिजकडे बोट दाखवलं. मी फ्रिज उघडला. “आत नाही हो, बाहेर लावलंय ते वाचा.” वाचलं. मीच लिहिलेलं. मग मी स्वयंपाकघरातल्या मांडणीपुढे उभा राहिलो, जिथे सगळे स्टीलचे डबे जुळ्या भावांसारखे दिसतात. पहिल्यात साबुदाणा निघाला, दुसऱ्यात नाचणीचं पीठ, तिसऱ्याचं झाकण निघेना, निघालं तेव्हा मेतकूट माझ्या बनियनवर आलं आणि चौथ्यातून चिंचेचा गोळा ताटात घेऊन मी परत आलो, कारण अंधुक उजेडात तो लोणच्यासारखाच दिसत होता. लोणच्याची चिनी मातीची बरणी टेबलावर होती.

यातून काही शिकायला हवं होतं. मी पुढचं सदर लिहिलं.

त्यात आरोग्य घेतलं. हिमोग्लोबिन 12च्या खाली असलं की बाईला रक्त कमी आहे असं डॉक्टर धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता. तेव्हा माईंनी बजावलं, की पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. सल्ला अगदी बरोबर. फक्त आमच्याकडे रविवारच्या जेवणावरचा चहा दोघांचा एकत्र होत असे, हे माई विसरल्या. तो बंद झाला. माझं हिमोग्लोबिन साडेचौदा आहे.

मग 2019ची सरकारची वेळ-वापर पाहणी हाती लागली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला 299 मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष 97. मी जोशात लिहिलं, ‘भगिनींनो, यजमानांची मिनिटं मोजा!’ हिने मोबाइलवर मोजली. दूध आणणे, कचऱ्याची बादली खाली नेणे, गाळणं धुणे, सगळं धरून तेवीस. त्यातली नऊ बॅटरी शोधण्यात गेली होती, आणि ती बॅटरी घेऊन मी नक्की काय करणार होतो हे दोघांनाही आठवेना.

सगळीच पत्रं हसण्याजोगी नव्हती. वहीच्या पानावर ‘हात उचलतात’ एवढंच लिहिलेलं एक आलं. त्याला माईंचा खट्याळपणा चालणार नव्हता. ते वकीलबाईंकडे गेलं आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि राहत्या घरात राहण्याचा 2005च्या कायद्यातला हक्क, दोन्ही ठळक छापलं. तेवढं एक मुद्रित मी चारदा तपासलं.

बाकी तपासण्याची माझी कीर्ती उटण्याने संपवली. मसूरडाळीचं पीठ, साय आणि आंबेहळद असं लिहायचं होतं. मी ‘आंबे’ गाळलं. वर ‘चिमूटभर’च्या जागी ‘दोन चमचे’ गेलं. हिच्या भाचीचं लग्न दुसऱ्या दिवशी, माईंवर श्रद्धा अपार. सकाळी आरशापुढून जी हाक आली ती ऐकून शेजारच्या जोशीकाकू दूध उतू जाऊ देऊन धावत आल्या. कच्चं दूध लावलं, खोबरेल चोळलं, पिवळेपणा फक्त कानांपर्यंत सरकला. कार्यालयात वरपक्षाच्या एका आजींनी हिलाच ओवाळायला घेतलं.

“त्या माईला स्वतःला तोंड आहे की नाही?” ही रिक्षात म्हणाली. मी बाहेर बघत राहिलो. खरं सांगू? मला अपमान वाटला.

तरीही वर्षभरात मी बदलत गेलो, नाइलाजाने. सोमवारी माईंनी लिहायचं, शनिवारी मी भोगायचं. मी लोणचं आपण होऊन घेऊ लागलो, गाळण्यातली पूड झटकू लागलो, साडेनऊला टीव्ही बंद ठेवून कान देऊन बसू लागलो, कारण सदर तिथूनच यायचं. एकदा तर हिला म्हणालो, “दमली असशील, पड जरा.” हिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

गेल्या महिन्यात गठ्ठ्यात एक पाकीट आलं. हल्ली बहुतेक पत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पण तिथे नंबर दिसतो. आतला कागद किराणा यादीच्या पॅडचा होता आणि अक्षर मी ओळखलं. ‘चहापूड’चा उकार ही जन्मभर ऱ्हस्व काढत आलीय.

‘आदरणीय माई, माझे मिस्टर पूर्वी ताटावरून हलत नसत. वर्षभरापासून स्वतः उठतात, गाळणं न सांगता धुतात, चहापुड संपली की आपण होऊन आणतात, मी बहिणीशी बोलते तेव्हा टीव्ही बंद करतात आणि सोमवारी रात्री दार लावून काहीतरी लिहितात. विचारलं तर लाइट बिलाचा हिशोब म्हणतात. माई, यांच्या आयुष्यात दुसरी बाई आली असेल का?’

पहिल्यांदाच मला उत्तर सुचेना. नाही म्हणावं तर ते खोटं. होती ना बाई. मीच होतो.

रात्रभर खोडून शेवटी लिहिलं, ‘निर्धास्त राहा ताई. काही पुरुष मुळात चांगले असतात.’ संपादकांनी त्यावर लाल रेघ मारली. “माई एवढ्या भाबड्या नाहीत हो,” म्हणाले आणि आपल्या हाताने दोन शब्द लिहून पान छपाईला पाठवलं.

‘लक्ष ठेवा.’

ते कात्रण आता आंब्याच्या चुंबकाखाली आहे. हे सगळं मी संडासात बसून लिहितोय, आणि बाहेरून दुसऱ्यांदा हाक आलीय, “अहो, लाइट बिल केवढं आलंय एवढं?”